डायमध्ये अडकलेली पुंगळी आणि वाकलेली पिन

ओहायोमधल्या आमच्या घराच्या गॅरेजमध्ये फेब्रुवारीतल्या एका शनिवारी सकाळी झाडून झालेल्या काडतुसाची पितळी पुंगळी साईझिंग डायमध्ये, म्हणजे फुगलेली पुंगळी पुन्हा मापावर आणणाऱ्या पोलादी साच्यात, इतकी घट्ट बसली की तिला आत दाबणाऱ्या प्रेसचा दांडा ना पुढे जाईना ना मागे येईना. पुढच्या दहा मिनिटांत मी तिची कड फाडली आणि त्यानंतरच्या अर्ध्या तासात हातोडीच्या ठोक्यांनी डिकॅपिंग पिनही, म्हणजे पुंगळीच्या बुडातला वापरलेला प्रायमर (ठिणगी देणारी टोपी) ढकलून काढणारी पिन, वाकवली. पहिली चूक वंगणाची होती आणि दुसरी घाईची. त्या कशा घडल्या आणि निस्तरताना काय काय करावे लागले ते इथे सविस्तर लिहिते आहे, कारण लांब पल्ल्याची रायफल नेमबाजी करणारी मराठी मंडळी अलीकडे मला इथल्या क्लबांमध्ये भेटू लागली आहेत आणि त्यांच्यापैकी दोघांनी अगदी याच अडचणीबद्दल विचारले.

एक खुलासा आधी करायला हवा. भारतात शस्त्र अधिनियम १९५९ नुसार दारूगोळा तयार करण्यासाठी परवाना लागतो, त्यामुळे हे तिथे घरी करून पाहण्याचे काम नव्हे. अमेरिकेत स्वतःच्या वापरासाठी काडतुसे पुन्हा भरायला केंद्र सरकारचा वेगळा परवाना लागत नाही. ती विकायची असतील तर मात्र लागतो. शिवाय इथे ज्या कामाबद्दल मी लिहिते आहे ते सगळे झाडून झालेल्या, रिकाम्या पुंगळ्यांवरचे आहे. त्या दिवशी टेबलावर दारूचा कण किंवा एकही जिवंत प्रायमर नव्हता, आणि अडकलेली पुंगळी काढताना तो असताच कामा नये.

लेक ईरीच्या काठी कॅम्प पेरी आहे. तिथे १९०७ सालापासून राष्ट्रीय सामने भरतात. उन्हाळ्यात तिथे ६०० यार्डांवर उतरायचे तर सगळ्या काडतुसांची वागणूक सारखी हवी, म्हणून मी माझ्या रायफलची, .३०८ विंचेस्टर या मापाची, काडतुसे घरीच भरते. त्या वर्षी मी स्वस्तात मिळाल्या म्हणून ४०० जुन्या लष्करी पुंगळ्या घेतल्या होत्या. त्यांच्या बुडावर मिसुरीतल्या लेक सिटी कारखान्याची ‘एलसी’ ही अक्षरे आणि वर्तुळातल्या क्रॉसची नाटो खूण होती. अशा पुंगळ्यांपैकी पुष्कळशा मशीनगनमधून झाडलेल्या असतात, हे मला ऐकून माहीत होते, पण त्याचा हाताला काय अर्थ जाणवतो ते तोवर कळले नव्हते.

गोळी झाडली जाते तेव्हा या काडतुसात प्रतिचौरस इंच ६२,००० पौंडांपर्यंत दाब निर्माण होऊ शकतो. त्या दाबाने पितळ फुगून चेंबरच्या, म्हणजे बंदुकीत काडतूस बसते त्या पोकळीच्या, भिंतीला चिकटते आणि दाब ओसरल्यावर किंचित आत येते, तरीही मूळ मापापेक्षा मोठेच राहते. धूळ, चिखल, काजळी असली तरी बंदूक चालत राहावी म्हणून मशीनगनचे चेंबर सैल ठेवलेले असते, म्हणून तिच्यातून निघालेली पुंगळी जास्त फुगलेली असते आणि हा फुगवटा नेमका बुडाजवळ, जिथे पितळ सर्वांत जाड असते, तिथे राहतो. पोलादी डायमध्ये दाबून तिला पुन्हा मापावर आणायचे म्हणजे त्या जाड पितळाला काही हजारांश इंच आत सरकवायचे. पितळ आणि पोलाद यांच्यामध्ये त्या वेळी वंगणाचा जो पातळ थर असतो, सगळी भिस्त त्याच्यावर असते. तो तुटला की पितळ भिंतीवर फासले जाते, आणि एकदा फासले गेलेले पितळ पुढच्या पितळाला धरून ठेवते.

माझा थर तुटला तो थंडीमुळे आणि उतावीळपणामुळे. एक भाग लॅनोलिन आणि बारा भाग ९९ टक्क्यांचे आयसोप्रोपिल अल्कोहोल यांचे मिश्रण मी फवारणीच्या बाटलीत ठेवते. पुंगळ्या ट्रेमध्ये पसरायच्या, फवारायच्या, ट्रे हलवून पुन्हा फवारायच्या आणि अल्कोहोल उडून जाईपर्यंत थांबायचे, अशी ही पद्धत आहे. वंगणाचे काम लॅनोलिन करते. अल्कोहोल केवळ त्याला सगळीकडे पोचवते, आणि ओले राहिले तर उलट घात करते. त्या सकाळी गॅरेजमध्ये पाणी गोठेल अशी थंडी होती. डिसेंबरात खोबरेल बाटलीत थिजावे तसे लॅनोलिन तळाशी पांढरे बसले होते, आणि मी बाटली दोनदा हलवून कामाला लागले. म्हणजे बहुतांश फवारा नुसत्या अल्कोहोलचाच होता, आणि तोही वाळू दिला नाही.

पहिल्या सहा पुंगळ्या गेल्या. सातवी अर्ध्यावर जड लागली. हे वाक्य मला ठळकपणे लिहावेसे वाटते, कारण पुंगळी अडकण्याआधी सांगते आणि ते तळहाताला कळते. नीट वंगण असलेल्या पुंगळीचा विरोध शेवटाकडे हळूहळू आणि एकसारखा वाढतो. कोरड्या पुंगळीचा विरोध मध्येच एकदम उसळतो आणि दांड्यातून बारीक करकर हाताला जाणवते. त्या क्षणी थांबून दांडा मागे घेतला असता तर पुंगळी बहुधा बाहेर आली असती, ती पुसून पुन्हा वंगण लावता आले असते. मी अंगाचा भार दिला. पुंगळी पूर्ण आत गेली आणि तिथेच बसली. मग दांडा वर ओढताना जोर वाढवत गेले, तेव्हा ‘टक्’ असा आवाज होऊन प्रेसचा दट्ट्या एकदम खाली आला आणि पुंगळीची कड धरणाऱ्या शेल होल्डरमध्ये नखाएवढी पितळेची चंद्रकोर उरली. पुंगळीची कड फाटली होती. आता तिला प्रेसने ओढायला पकडच राहिली नव्हती.

इथवर नुकसान एका पुंगळीचे होते. पुढचे नुकसान मी केले.

साईझिंग डायच्या मधोमध एक दांडी असते. तिच्यावर पुंगळीची मान आतून मापावर आणणारा एक्स्पांडरचा फुगीर मणी आणि टोकाला डिकॅपिंग पिन असते. पुंगळी वर चढताना ही पिन बुडातल्या बारीक छिद्रातून, जिथून प्रायमरची ठिणगी दारूपर्यंत जाते तिथून, बाहेर येते आणि वापरलेला प्रायमर ढकलून देते. पुंगळी पूर्ण आत गेल्यामुळे प्रायमर पडलेला होता आणि पिन छिद्रातून बाहेर डोकावत होती. मी डाय प्रेसमधून काढली, वरची लॉकनट सैल केली आणि दांडीच्या डोक्यावर हातोडीने ठोके दिले. दांडी आतून बुडाला ढकलेल आणि पुंगळी निसटेल, असा माझा हिशेब होता. पाच-सहा ठोक्यांत दांडीच्या डोक्याचे आटे चेपून पसरले, दांडी आत कुठेतरी धनुष्यासारखी वाकली आणि पिनचे टोक छिद्राच्या काठावर आडवे झाले. पुंगळी केसभरही हलली नाही.

फ्रीझरचाही प्रयोग केला. पितळ पोलादापेक्षा जास्त आकुंचन पावते, हे शाळेत शिकलेले असते. पण आकडा मांडून पाहिल्यावर त्याची मर्यादा कळते. पुंगळीच्या बुडाचा व्यास सुमारे १२ मिलिमीटर आहे. ४० अंश सेल्सियसचा फरक पडला तरी पितळ आणि पोलाद यांच्या आकुंचनातला फरक जेमतेम तीन-साडेतीन हजारांश मिलिमीटर भरतो. फासल्या गेलेल्या पितळाला सोडवायला तेवढे पुरत नाही. दोन तासांनी डाय बाहेर काढली तेव्हा ती फक्त गार झाली होती. टॉर्चने तापवण्याचा सल्ला कोणी दिला तर तो मात्र मुळीच मानू नये. डायचे पोलाद कडक केलेले असते आणि तापवल्याने तो कडकपणा जातो.

मग मी पुण्याला बाबांना फोन लावला. तिथे रात्रीचे साडेनऊ वाजले होते. बाबा खडकीच्या दारूगोळा कारखान्यात फिटर होते. तो कारखाना १८६९ सालचा, आणि बाबांच्या बोलण्यातला निम्मा कारखाना अजून तसाच आहे. मी कॅमेरा डायच्या तोंडावर धरला. त्यांनी बराच वेळ काही न बोलता पाहिले.

“हातोडी कशाला घेतलीस?” हे त्यांचे पहिले वाक्य.

“बाबा, निघत नव्हती म्हणून.”

“अगं, बसलेलं पितळ मागून ठोकलं की आणखी फुगतं. त्याला पकड दे आणि सरळ ओढ. बेअरिंग काढायला पुलर लावतात ना, तसं. बुडाला भोक पाड, आटे पाड, बोल्ट लाव. आणि आधी ती दांडी वर घे, नाहीतर ड्रिल तिच्यावर जाऊन तुटेल.”

बाजारात यासाठी तयार संच मिळतो. त्यात ७ नंबरचे ड्रिल, पाव इंची २० आट्यांचा टॅप, एक पोकळ कप आणि ॲलन बोल्ट असतो. माझ्याकडे संच नव्हता, पण टॅप आणि ड्रिल होते आणि कपाच्या जागी पान्याचे एक मोठे सॉकेट चालणार होते. त्याच्या तोंडाचा आतला व्यास पुंगळीच्या बुडापेक्षा मोठा आणि डायच्या बाहेरच्या व्यासापेक्षा लहान हवा, एवढेच पाहायचे.

दांडी वर घेणे हेच सर्वांत अवघड गेले. आडवी झालेली पिन छिद्रातून मागे येत नव्हती. ती बारीक पक्कडीत धरून सरळ करायला गेले तर कडक पोलादाची असल्यामुळे ताबडतोब मोडली, आणि ते बरेच झाले, कारण त्यामुळे दांडी मोकळी झाली. वाकलेली दांडी पान्याने फिरवत, थोडी पुढे थोडी मागे करत, मणी पुंगळीच्या मानेला आतून टेकेपर्यंत वर आणली. त्याच्यापलीकडे ती जात नाही. पण बुडापासून पुरेशी दूर राहते. वरून दोन थेंब तेल सोडले, कारण पुंगळी निघताना तिची मान या मण्यावरून सरकणार होती.

डाय व्हाइसमध्ये लाकडाच्या दोन पट्ट्यांमध्ये धरली, तोंड वर करून. आट्यांना व्हाइसचे उघडे जबडे लावले तर आटे चेपतात आणि मग डाय प्रेसमध्ये बसत नाही. चष्मा घातला. ७ नंबरच्या ड्रिलचा व्यास ०.२०१ इंच असतो, आणि या पुंगळीच्या प्रायमरच्या खळग्याचा ०.२१० इंचांच्या आसपास. म्हणून ड्रिल त्या खळग्यात आपोआप मध्यावर बसते. त्याला वेगळी खूण करावी लागत नाही. हळू वेगाने ड्रिल चालवले. पितळ मऊ असते, त्याचे सोनेरी भुगे वर येत राहिले, आणि बुडाची जाडी संपल्यावर ड्रिल एकदम पुढे धसू नये म्हणून हात आखडता घेतला. मग टॅप. बाबा फोनवर होतेच. “अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे. कीस तुटू दे. घाई नाही.” टॅप आत जाताना तेल लावत राहिले, मधूनमधून पूर्ण बाहेर काढून कीस झटकला. टॅप तिरका गेला तर बोल्ट तिरका ओढतो, म्हणून दोन बाजूंनी गुण्या लावून तो उभा आहे का ते पाहिले. या कामाला वीस मिनिटे लागली, आणि तेवढी लागायलाच हवीत.

सॉकेट डायच्या तोंडावर ठेवले, त्यावर जाड वायसर, वायसरला ग्रीस, आणि त्यातून बोल्ट पुंगळीच्या बुडातल्या नव्या आट्यांत. बोल्ट हाताने फिरेपर्यंत फिरवला आणि मग पाना लावला. पहिला पाव फेरा अतिशय जड गेला. दुसऱ्या पाव फेऱ्याच्या मध्यावर ‘कट्’ असा स्वच्छ आवाज आला. फोनच्या पलीकडून बाबा म्हणाले, “सुटली.” त्यांना काही दिसत नव्हते, कारण फोन टेबलावर पालथा पडला होता, आवाजावरूनच त्यांनी ओळखले. त्यापुढे बोल्ट सहज फिरत गेला, मान मण्यावरून सरकताना पुन्हा एकदा जरा जड लागला, आणि पुंगळी सॉकेटच्या पोटात उतरून आली. तिच्या अंगावर बुडाजवळ बोटभर लांबीचे तीन उभे ओरखडे होते, खालचे पितळ उघडे पडलेले, अगदी चकचकीत.

जे पितळ पुंगळीवरून गेले ते डायच्या भिंतीवर होते. डाय स्वच्छ करून उजेडाकडे धरली तेव्हा आत तीन पिवळसर रेषा दिसल्या. त्या तशाच ठेवून पुढे काम केले तर प्रत्येक पुंगळीवर ओरखडा उठतो आणि आणखी एखादी अडकते. लाकडी काडीवर सुती कापड गुंडाळून, त्याला धातू चमकवण्याची बारीक पेस्ट लावून, काडी ड्रिलमध्ये धरून मी दोन-दोन मिनिटे फिरवली आणि दरवेळी पाहिले. तिसऱ्या वेळी रेषा गेल्या. खरबरीत कागद वापरायचा नाही. पितळ काढायचे आहे, डायचे माप वाढवायचे नाही.

वाकलेली दांडी डायमधून काढताना चेपलेले आटे फाइलने घासून साफ करावे लागले. ती सरळ करून वापरण्याचा मोह मी टाळला. वाकलेली दांडी सरळ केली तरी किंचित तिरकी राहते, मणी मानेला एका बाजूला ओढतो आणि पिन छिद्राच्या काठावर आपटत राहते. नवी दांडी, नवा मणी आणि जास्तीच्या पाच पिना मागवल्या. नवी दांडी बसवताना पिन डायच्या तोंडाखाली सुमारे ३/१६ इंच, म्हणजे पावणेपाच मिलिमीटर, बाहेर येईल अशी ठेवायची. ती यापेक्षा जास्त खाली असली तर पिन धरणारे टोपण बुडाला आतून टेकते आणि तो सगळा दाब दांडीवर येतो. पुष्कळ पिना याच कारणाने वाकतात आणि दोष मात्र पिनेवर येतो.

पिनेबद्दल मला थोडे अधिक लिहायचे आहे, कारण त्यानंतरच्या महिन्यात माझ्या आणखी दोन पिना मोडल्या आणि प्रत्येकीचे कारण निराळे निघाले.

पहिली मोडली ती पुंगळीला एकाऐवजी दोन छिद्रे होती म्हणून. प्रायमरच्या दोन पद्धती आहेत आणि दोन्ही १८६६ सालच्या. अमेरिकन हायरम बर्डन यांच्या पद्धतीत ऐरण, म्हणजे प्रायमरमधले मिश्रण जिच्यावर चिरडून पेटते तो टेकू, पुंगळीच्या बुडाचाच भाग असते आणि तिच्या दोन बाजूंना दोन छिद्रे असतात; ब्रिटिश एडवर्ड बॉक्सर यांच्या पद्धतीत ऐरण प्रायमरमध्येच असते आणि बुडाला मधोमध एकच छिद्र असते. गंमत म्हणजे अमेरिकेने बॉक्सर यांची पद्धत उचलली आणि युरोपातल्या बऱ्याच देशांच्या लष्करांनी बर्डन यांची. आपली नेहमीची डाय बॉक्सरसाठी असते. बर्डनची पुंगळी तिच्यात गेली की पिन मधल्या घट्ट पितळेवर जाऊन आपटते. त्या ४०० पुंगळ्यांत तीन परकीय पुंगळ्या मिसळल्या होत्या. बाहेरून त्या ओळखू येत नाहीत. तोंडातून विजेरीचा प्रकाश टाकून आत पाहिले की दोन ठिपके दिसतात.

दुसरी पिन मी स्वतःच पेरलेल्या पोलादी सुईने मोडली. पुंगळ्या धुण्याच्या फिरत्या पिंपात मी बारीक स्टेनलेस सुया घालते. त्यांचा व्यास सव्वा मिलिमीटरच्या आसपास असतो आणि ठिणगीच्या छिद्राचा दोन मिलिमीटर. एक सुई छिद्रातून निसटते. पण कधी दोन सुया शेजारी शेजारी पाचरीसारख्या बसतात. क्लबमधले एक वयस्कर नेमबाज, ज्यांच्याकडून मी बरेच शिकले, यावर दोन गोष्टी करायला सांगतात: धुतल्यावर प्रत्येक पुंगळी टेबलावर आपटायची आणि मग चुंबकाच्या वाटीवरून फिरवायची, आणि स्पर्धेसाठी बनवलेल्या पुंगळ्या निराळ्या डब्यात ठेवायच्या, कारण त्यांपैकी काहींचे छिद्र दीड मिलिमीटरचेच असते आणि त्यात नेहमीची पिन जाऊन रुतून बसते. त्यांच्यासाठी बारीक पिनेची दांडी वेगळी मिळते.

या तीन अनुभवांनंतर माझे मत असे झाले की पिन बारीक आहे ती योग्यच आहे. बाजारात जाड, अधिक कडक पिना मिळतात आणि लष्करी पुंगळ्यांत प्रायमर कडेने दाबून बसवलेला असतो तेव्हा त्यांचा उपयोगही होतो. पण कारण न शोधता नुसती जाड पिन लावली तर मोडायची ती दांडी मोडते किंवा बूड फुटते. पिन मोडली की मी आता ती पुंगळी बाजूला ठेवते आणि आत पाहते.

माझी कामाची पद्धतही बदलली. प्रायमर काढण्याचे काम आता मी वेगळ्या, सैल डायमध्ये आधीच उरकते. तिच्या आत पुंगळीच्या अंगाला काहीच घासत नाही, त्यामुळे त्या वेळी हाताला जो विरोध लागतो तो फक्त प्रायमरचा किंवा छिद्राचा असतो आणि लगेच ओळखू येतो. प्रायमरच्या काजळीत शिसे असते, म्हणून हातमोजे घालते आणि काम झाल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय गॅरेजमधून घरात जात नाही. मुलांना तर त्या टेबलाजवळ येऊच देत नाही. साईझिंगच्या वेळी लॅनोलिनची बाटली आधी कोमट पाण्यात ठेवते, पांढरा थर विरघळेपर्यंत हलवते आणि फवारल्यावर पंधरा मिनिटे घड्याळ लावून थांबते. लष्करी पुंगळ्यांच्या बुडाला वर बोटाने मेण लावते, आणि मानेच्या आत नायलॉनच्या ब्रशने थोडेसे वंगण फिरवते, नाहीतर मणी मान ओढून लांबवतो. पहिल्या दिवशी घाबरून मी सगळीकडेच भरपूर मेण फासले होते, तेव्हा पुंगळीच्या खांद्यावर, म्हणजे मानेखालच्या उतरत्या भागावर, खोलगट खळगे पडले. जास्तीचे वंगण जायला वाट न मिळाल्याने पितळालाच आत दाबते. आता पुंगळी बोटांत फिरवली की चिकटपणा जेमतेम जाणवेल एवढेच लावते.

दुरुस्त डायमधून पहिल्या पाच पुंगळ्या काढल्या त्या मापण्यासाठीच. खांदा आधीच्यापेक्षा दोन हजारांश इंच मागे आलेला होता, जितका मला हवा होता तितका. पुंगळीवर एकही उभा ओरखडा नव्हता. कापून घेतल्यावर लांबी २.००५ इंच भरली, मर्यादा २.०१५ आहे. ओरखडे पाहताना मी नख पुंगळीच्या अंगावरून आडवे फिरवते. डोळ्याला न दिसणारी रेघही नखाला लागते. मग उरलेल्या पुंगळ्या एकेक करत घेतल्या. एकशे बाराव्या पुंगळीला दांडा मध्येच जड लागला. मी थांबले, दांडा मागे घेतला आणि पुंगळी बाहेर काढली. तिच्या एका बाजूला बुडाजवळ वंगणच लागलेले नव्हते, ट्रेमध्ये ती शेजारणीला टेकून पडली असणार. पुसली, मेण लावले, पुन्हा चढवली, आणि ती नेहमीसारखी गेली. त्या रात्री बाबांना फोनवर हे सांगितले तेव्हा त्यांनी विचारले, “कुठवर गेली होती आत?” मी म्हटले, “तिसऱ्या हिश्शापर्यंत.” “मग वेळेवर थांबलीस,” असे म्हणून त्यांनी उरलेल्या किती, ते विचारले. उरलेल्या पुंगळ्या २८५ होत्या, बर्डनच्या तीन वगळून.